साळवेबाईंचं कुजणारं प्लॅस्टिक

आमच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेमागे एक कबरस्तान होतं. हे नाव माझं नाही. ज्यांनी ते मांडलं, त्या साळवेबाईंनीच ते ठेवलं होतं. कडुनिंबाखालच्या चार हात जागेत ओळीनं काड्या रोवलेल्या असायच्या. प्रत्येक काडीला पत्र्याची चकती आणि चकतीवर खिळ्यानं कोरलेलं नाव: सुतळी, बारदान, वर्तमानपत्र, चपलेचा पट्टा, युरियाची पिशवी. त्या त्या काडीखाली ती ती वस्तू पुरलेली. अधूनमधून बाई खुरपं घेऊन बसायच्या, एकेक वस्तू उकरायच्या, नाकाजवळ नेऊन वास घ्यायच्या आणि पुन्हा पुरून टाकायच्या. बारदानाचा भुगा झालेला दिसला की समाधानानं म्हणायच्या, "सुटलं बिचारं." युरियाच्या पिशवीपाशी आल्या की मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कारण ती पिशवी पुरली तशीच निघायची. पाण्यानं पुसली की नवी.

युरियाची पिशवी म्हणजे गोणीच्या आत असते ती प्लॅस्टिकची. आमच्या भागात त्या काळी तिला केवढा मान होता, ते आजच्या लोकांना सांगून खरं वाटायचं नाही. पावसात डोक्यावर तिचीच खोळ, धान्याच्या कणगीला तिचंच अस्तर, छपराच्या गळक्या जागी तिचाच तुकडा. श्रीरामपूरजवळ बेलापूरला आमच्या घरी आई ती धुऊन दोरीवर वाळत घालायची आणि शेजारीण मागायला आली तर नाही म्हणायची. सगळं जग प्लॅस्टिक कुजत नाही म्हणून खूश होतं आणि आमच्या कारखान्यात एक बाई ते कुजत नाही म्हणून हळहळत होत्या. लोकांनी त्यांना वेडं ठरवलं नसतं तरच नवल.

बाई श्रीरामपूरच्या. नाव रूथ. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते वारल्यावर घरी आई आणि ह्या. पुण्याला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आल्या होत्या. उसाच्या रसातून साखर काढून झाल्यावर जो काळा, चिकट पाक उरतो, त्याला आम्ही मळी म्हणतो. त्या मळीपासून अल्कोहोल काढायची डिस्टिलरी कारखान्याला जोडून नुकतीच सुरू झाली होती. अल्कोहोलसाठी यीस्ट लागतं, आणि ते यीस्ट सांभाळायला एकाहत्तर साली बाईंची नेमणूक झाली. मी साखरेच्या बाजूचा शिफ्ट केमिस्ट. प्रयोगशाळा एकच, मध्ये एक लाकडी फळी. फळीच्या अलीकडे मी रसातली साखर मोजायचो आणि पलीकडे बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायच्या. बसायच्या हे आपलं म्हणायचं, मी त्यांना खुर्चीवर टेकलेलं जवळजवळ पाहिलंच नाही. उभ्यानं काम, उभ्यानं जेवण, आणि माझ्याशी भांडायचं तेही उभ्यानंच.

त्या रोज सकाळच्या एसटीनं यायच्या. मांडीवर पितळी डबा आणि डब्याला लोकरीचा जुना स्वेटर गुंडाळलेला. एकदा थंडीच्या दिवसांत मीही त्याच गाडीत होतो. कंडक्टरनं विचारलं की बाई, डब्याला थंडी वाजती काय? बाईंनी शांतपणे डबा उघडून दाखवला. आत कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या नळ्या होत्या. प्रयोगशाळेत रात्रीची वीज जायची, यीस्ट आणि जिवाणू गारठायचे, म्हणून बाई त्यांना घरी घेऊन जायच्या आणि चुलीच्या उबेला ठेवायच्या. कंडक्टरला त्यांनी सांगितलं, विरजण आहे. हे काही खोटं नव्हतं, आणि त्यामुळे कारखान्याच्या कॉलनीत त्यांचा एक वेगळाच दबदबा तयार झाला. दही लागलं नाही की बायका वाटी घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी उभ्या. बाई वास घेऊन सांगायच्या की दूध जास्त तापलं होतं, किंवा विरजण शिळं होतं. माझ्या बायकोचं दही बाईंच्या सल्ल्यानं सुधारलं, तेव्हापासून घरात माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन आलं.

आपल्या जिवाणूंना बाई 'मंडळी' म्हणायच्या. आज मंडळी सुस्त आहेत, मंडळींना हवा कमी पडतेय, मंडळींचं जेवण व्हायचंय. रविवारी सकाळी चर्चला जाऊन दुपारच्या गाडीनं, खळ घातलेल्या पांढऱ्या साडीत त्या हजर. मी म्हणायचो, बाई, आज विसाव्याचा वार, तुमचा तरी शब्बाथ पाळा. त्यावर उत्तर ठरलेलं होतं: "माझा पाळते. मंडळींना रविवार नसतो."

त्या कबरस्तानाच्या खुळाचं मूळ एका बैलात होतं. गाळपाच्या दिवसांत पाथर्डीकडचे ऊसतोडे गाड्या घेऊन यायचे आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर त्यांचा तळ पडायचा. बाईंच्या पहिल्याच हंगामात एका गाडीवानाचा बैल फुगला, दोन दिवस कण्हला आणि मेला. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट फाडलं तर आत प्लॅस्टिकचा गोळा निघाला. मळी सांडलेल्या पिशव्या उकिरड्यावर पडलेल्या असत. गोडाच्या वासानं बैलानं त्या चघळून गिळल्या होत्या. गाडीवानाची बायको बैलाच्या शिंगाला धरून बसली होती, उठायला तयार नव्हती. आम्ही सगळे चुकचुकलो आणि कामाला लागलो. बाई मात्र तो गोळा मागून घेऊन आल्या, नळाखाली धुतला, उलगडला आणि माझ्या टेबलावर पसरला. पिशवीवरची अक्षरं अजून वाचता येत होती. बैल कुजून जाईल आणि ही राहील, एवढंच त्या बोलल्या. मग गोळा पुन्हा वळून त्यांनी एका काचेच्या बरणीत ठेवला आणि ती बरणी कायमची त्यांच्या मायक्रोस्कोपशेजारी राहिली. मला तिच्याकडे बघवत नसे. मी एकदा तिच्यावर कापड टाकलं, तर बाईंनी ते काढून माझ्या अंगावर टाकलं.

त्यानंतर त्यांनी पुण्याच्या वाऱ्या सुरू केल्या. ग्रंथालयात बसून परदेशी मासिकं वाचायच्या आणि परत आल्या की फळीच्या पलीकडून मला ऐकवायच्या. काही जातींचे जिवाणू असे असतात म्हणे, की खायला भरपूर गोड मिळालं पण वाढायला लागणारं नत्र मिळालं नाही, तर ते वाढायचं थांबवतात आणि पोटात साठा करतात. आपण अंगावर चरबी चढवतो तसं. तो साठा म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच असतं. मातीत टाकलं की दुसरे जिवाणू ते खाऊन टाकतात. "आणि गोड तर आपण गटारातून ओढ्याला सोडतोय," बाई म्हणाल्या. हे खरंच होतं. गिरणीखाली सांडलेला रस, टाक्या धुतल्याचं पाणी, फुटक्या हौदातली मळी, सगळं वाहत ओढ्याला जायचं आणि खालच्या वाडीचे लोक नाक धरून तक्रार घेऊन यायचे. बाईंनी ओढ्याच्या काठची काळी माती आणली, तिच्यातून निवडून निवडून एक जात वेगळी काढली आणि एके दिवशी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. एक विशिष्ट रंग दिला की साठा काळा दिसतो. मी डोळा लावला. लांबट पेशी, आणि प्रत्येकीच्या पोटात काळे टपोरे ठिपके. तिळाच्या लाडवासारखे गच्च. मी शिफ्ट केमिस्ट असूनही मला त्या क्षणी अंगावर काटा आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण नळीत जमणं वेगळं आणि हौदात जमणं वेगळं. बाईंना हौद हवा होता. बारदानाच्या गोदामाला लागून एक पत्र्याची शेड होती आणि तीत वापरात नसलेला एक जुना लोखंडी हौद. त्यासाठी त्या चेअरमनसाहेबांना भेटायला गेल्या, आणि एकटीला हसतील म्हणून मला बरोबर नेलं. चेअरमनसाहेब जुन्या वळणाचे शेतकरी. धोतर, टोपी, आवाज मोठा, माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, आमच्या घरात युरियाची एकच पिशवी तीन साल झाली वापरात हाय. आन् तुमी म्हनता ती कुजाया पायजे. आवो, मानूस कुजतो त्येचंच दुख काय कमी हाय?"

"माणूस कुजतो म्हणूनच शेताला जागा उरते, साहेब," बाई म्हणाल्या.

चेअरमनसाहेबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले की हौद घ्या, शेड घ्या. पण येत्या हंगामाचं गाळप बंद होईपर्यंतच. संचालक मंडळाच्या बैठकीत काहीतरी हातात धरण्यासारखं दाखवा. नाही दाखवलं तर शेड बारदानाला जाईल आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, गाळप बंद व्हायला पुष्कळ अवकाश आहे. मी हे बोललो तेव्हा बहात्तरचा पावसाळा पुढं होता. तो पाऊस आलाच नाही.

दुष्काळाची वर्णनं मी करत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. कारखान्यापुरतं सांगायचं तर ऊस उभ्यानं वाळला, जो हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालायचा तो थंडी सरायच्या आत आटोपणार हे उघड झालं. बाईंचा वेळ आपोआप निम्मा झाला. त्यांनी कुरकुर केली नाही. साडीचा पदर खोचून त्या हौद घासायला लागल्या. गटाराच्या पाण्याचे डबे, थोडी फुटक्या हौदातली मळी, सगळं उकळून, निववून हौदात पडलं आणि ओढ्याकाठच्या मंडळींना त्यात सोडलं. हवेसाठी एक जुना कॉम्प्रेसर त्यांनी वर्कशॉपच्या लोकांकडून हट्टानं दुरुस्त करून घेतला. पहिल्या खेपेला हौद नासला. दुसऱ्या खेपेला हौद नासला नाही, पण मंडळी इतकी विरळ की पाणी बघून कुणालाही दया यावी.

अशी दया आली ती रंगनाथमामांना. मामा डिस्टिलरीचे फोरमन. बाईंना लेकीसारखं मानायचे, दुपारी त्यांच्यासाठी घरून भाकरी आणायचे. डिस्टिलरीत यीस्ट मलूल दिसलं की मळीत थोडा युरिया टाकायची रीत आहे, त्यानं यीस्ट उसळी घेतं. शिवाय मामांची स्वतःची उसाची पट्टी होती. आमच्या भागात ऊस पिवळा पडला तर युरिया, गवत वाढलं नाही तर युरिया, अंगणातली तुळस सुकली तरी चिमूटभर युरिया. बैठक आठवड्यावर आली असताना एका दुपारी बाई कॉम्प्रेसरच्या पट्ट्यासाठी श्रीरामपूरला गेल्या होत्या, तेव्हा मामांनी प्रेमानं दोन मुठी युरिया हौदात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडसमोर गर्दी. हौद फसफसत होता, पाणी ताकासारखं दाट पांढुरकं झालं होतं. वर्कशॉपवाले बाईंचं अभिनंदन करायला आले होते. बाई थेंब घेऊन प्रयोगशाळेत आल्या, रंग दिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तशाच राहिल्या. मग मला बघायला सांगितलं. पेशींची नुसती जत्रा भरली होती, पण पोटं रिकामी. एक काळा ठिपका नाही. युरियातलं नत्र मिळाल्यावर कोण कशाला साठा करील? सगळे वाढीला लागले होते.

मामा दारात हसत उभे होते. बाईंनी विचारलं की हौदात काही टाकलं का. मामांनी अभिमानानं सांगितलं, "व्हय. पोरं लई अशक्त दिसत हुती, बाई. म्हनून जरा युरिया दिला. आता बगा कशी तरारली."

त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा खुर्चीवर बसलेलं पाहिलं. त्या चिडतील म्हणून मी वाट बघत होतो. माझ्यावर त्या याहून कितीतरी कमी गोष्टीवरून चिडल्या होत्या. पण मामांकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "मामा, तुम्ही त्यांना पोटभर जेवू घातलंत. मला त्यांना उपाशी ठेवायचं होतं." मामांना काय चुकलं ते नीट कळलं नाही, पण काहीतरी मोठं चुकलं एवढं कळलं. त्यांचा चेहरा उतरला आणि ते दारातून बाजूला झाले.

मी हौद ओतून द्यायची तयारी करत होतो. बाई बराच वेळ बरणीतल्या त्या गोळ्याकडे बघत बसल्या होत्या. मग एकदम उठल्या. मला म्हणाल्या की ओतू नका. युरिया दोनच मुठी होता, तो संध्याकाळपर्यंत संपेल. मंडळी मात्र आता पूर्वीच्या कैक पट झाली आहेत. एवढ्या सगळ्यांच्या पुढ्यात नुसतं गोड वाढायचं आणि नत्राचा कण द्यायचा नाही. आधी पंगत वाढवायची, मग उपास घडवायचा. आतापर्यंत आपण मूठभर मंडळींकडून हौदभर कामाची आशा करत होतो. हे सगळं त्या हात हलवत इतक्या भराभर बोलल्या की मला ते दोनदा विचारून घ्यावं लागलं. मग त्या बाहेर जाऊन मामांना शोधून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, चला, मळी आणायची आहे.

दोन दिवस सगळं ठीक चाललं आणि मग वीज गेली. दुष्काळात वीज जायची ती तासन्‌तास. कॉम्प्रेसर बंद; हवा नसली तर मंडळी गुदमरणार. मामा घरी गेले आणि गुऱ्हाळावरची लांब दांड्याची पळी घेऊन आले. गूळ करताना काहिलीतला रस तिनं उचलून उंचावरून पुन्हा काहिलीत सोडतात. मामा हौदाच्या कडेवर उभे राहिले आणि पाणी उचलून वरून सोडायला लागले. धार खाली पडली की फेस व्हायचा, फेसाबरोबर हवा आत जायची. मामा दमले की बाईंनी पळी घेतली, बाई दमल्या की मी. दुपारची पाळी सुटली तसे वर्कशॉपवाले आले, बारदानवाले आले. ज्यांना ती शेड हवी होती तेच बारदानवाले. कुणाला नीटसं माहीत नव्हतं की कशासाठी ढवळतोय. बाई मधून मधून थेंब घेऊन आत जायच्या आणि बाहेर येऊन फक्त मान हलवायच्या, अजून नाही. माझे खांदे भरून आले होते आणि मला त्या बाईचा भयंकर राग येत होता. आणि त्याच वेळी, दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी केव्हाच पळी टाकून घरी गेलो असतो, हेही कळत होतं. उन्हं उतरता उतरता बाई बाहेर आल्या, दाराला टेकल्या आणि म्हणाल्या, "मामा, या. बघा तुमची पोरं." मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. काळे ठिपके बघून ते म्हणाले, ही तर गाभण दिसतात.

पुढचं काम बाईंनी खिडकीत उभं राहून केलं. जिवाणूंचा गाळ वाळवला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बाकीचा भाग विरघळवून टाकला, उरली ती साठ्याची पांढरी पूड. ती क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेच्या ताटलीत ओतली. क्लोरोफॉर्म उडून जाईपर्यंत आमचं सगळ्यांचं डोकं जड झालं होतं. दुसऱ्या दिवशी ताटलीच्या तळाशी पापडाएवढी, दुधी, पातळ चकती होती. बाईंनी ती नखानं सोडवली आणि उजेडात धरली. माझ्या हातावर ठेवली तेव्हा मला वाटलं, हे गटाराचं पाणी आहे, हे खरंच गटाराचं पाणी आहे.

बैठकीत ती चकती सगळ्यांच्या हातातून फिरली आणि चेअरमनसाहेबांकडे आली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि सवयीनं, पिशवी दुमडतात तशी दुमडली. कट्‌ आवाज झाला आणि तिचे दोन तुकडे झाले. कुणी हसलं नाही, हेच जास्त वाईट होतं. एक संचालक हलकेच म्हणाले की हिच्यात तर सुपारीसुद्धा बांधता यायची नाही.

बाई म्हणाल्या, "ठिसूळ आहे. ते माझं काम, मी करीन. पण आज मी हे न तुटणारं आहे असं सांगायला आले नव्हते. हे कुजणारं आहे, असं सांगायला आले होते. ते तरी बघाल की नाही?"

बघायचं कसं, हा प्रश्नच होता. इतर कुणी काही बनवलं तर ते टिकलं म्हणून दाखवता येतं. बाईंचं जमलं याचा पुरावा म्हणजे ते नाहीसं होणं, आणि जे नाहीसं झालं ते उंदरानं नेलं असंही कुणी म्हणू शकतं. बाईंनी याचा विचार करून ठेवला होता. साखर गाळायच्या यंत्राची बारीक पितळी जाळी असते, तिच्या दोन लहान थैल्या त्यांनी शिवून आणल्या होत्या. एकीत चकतीचे तुकडे, दुसरीत युरियाच्या पिशवीचा तेवढाच तुकडा. दोन्ही थैल्यांची तोंडं तारेनं आवळून चेअरमनसाहेबांनीच त्यांवर लाखेचा शिक्का मारला. ऑफिसच्या व्हरांड्यातल्या मोठ्या कुंडीत, ओढ्याकाठच्या मातीत, दोन्ही पुरल्या. ठरलं असं की पावसाळा सरल्यावर चेअरमनसाहेब स्वतः उकरतील. चकती गेली असेल तर हौद बाईंचा. शेड मात्र ठरल्याप्रमाणे बारदानाला गेली, आणि हौद कडुनिंबाखाली, कबरस्तानाच्या शेजारी, उघड्यावर आला.

त्या उन्हाळ्यात कुंडीला पाणी घालायचं म्हणजे पाप होतं. कॉलनीत पिण्याचं पाणी टँकरनं यायचं. पण माती कोरडी पडली तर कुजणार कसं? बाई श्रीरामपूरहून पिण्याच्या पाण्याची बाटली आणायच्या. दुपारी जेवून डबा त्याच पाण्यात विसळायच्या आणि ते विसळलेलं पाणी कुंडीत ओतायच्या, रोज. कुणी टोकलं तर सांगायच्या की माझ्या वाटणीचं आहे. गाळप बंद होतं, पण साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी चालू होती, म्हणून बाईंची नोकरीही. एकदा त्या तापानं आजारी पडल्या, तर तिसऱ्या दिवशी त्यांची आई एसटीनं आली, कुंडीत पाणी ओतलं आणि पुढच्या गाडीनं परत गेली. माझ्याशी त्या म्हातारीचं बोलणं एवढंच झालं की पोरीनं पाठवलंय, नाही तर औषध घेत नव्हती.

त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी चेअरमनसाहेबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, खुरपं घेतलं आणि कुंडीपाशी उकिडवे बसले. भोवती आम्ही सगळे. पहिली थैली निघाली ती युरियाची. शिक्का फोडला, आतला तुकडा धुतला, नव्यासारखा. दुसरी थैली निघाली. शिक्का शाबूत, तार शाबूत. चेअरमनसाहेबांनी ती तळहातावर उपडी केली. माती पडली. त्यांनी ती बोटांनी चाळली, चिमटीत धरून चोळली, थोडी जिभेलाही लावली. कुठंच काही नाही.

"बाई," ते हळू म्हणाले, "तुमचं तर काय बी राह्यलं न्हाई."

"हेच तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रंगनाथमामांनी आपलं उपरणं पुढं केलं. बाईंनी त्याला डोळे पुसले, मग रिकामी थैली मागून घेतली, झटकली आणि डब्यात ठेवून दिली. पुन्हा लागेल म्हणाल्या.

चेअरमनसाहेबांनी शब्द पाळला. हौदावर त्यांनी पत्र्याचं छप्परही घालून दिलं, ते ठरलेल्यात नव्हतं. पण चकती ठिसूळ होती ती होतीच, आणि ती न तुटणारी कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. मला त्याच सुमाराला कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात वरची जागा मिळाली. मी जायचं ठरवलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, जा, पण तिकडच्या गटाराची थोडी माती पाठवा. मी पाठवली. पोचल्याचं एक कार्ड आलं, त्यात आभार नव्हते. कोल्हापूरची मंडळी आळशी आहेत, एवढाच मजकूर होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी. त्याच दिवशी नव्या हंगामाची उसाची पहिली मोळी टाकायची होती. दुष्काळानंतरचं पहिलं गाळप, म्हणून सगळा तालुका लोटला होता. गिरणीत ऊस सोडायच्या गव्हाणीपाशी पूजा झाली, नारळ फुटला, चेअरमनसाहेबांनी आणि त्यांच्या पत्नींनी मिळून मोळी टाकली. भोंगा झाला. ज्या आवाजासाठी लोकांनी वर्ष काढलं होतं, तो आवाज ऐकून माणसं रडत होती. पाथर्डीचे गाडीवान बैलांच्या कपाळाला गुलाल लावत होते. पेढे वाटले जात होते. मी बाईंना निरोप द्यायला शोधत होतो आणि त्या कुठंच दिसत नव्हत्या.

मग मी गिरणीच्या मागच्या बाजूला गेलो. सगळ्या गर्दीकडे पाठ करून बाई गटाराच्या काठावर ओणव्या उभ्या होत्या. साडी खोचलेली, हातात काचेची बाटली. कोरड्या गटाराकडे त्या टक लावून बघत होत्या. गिरणी फिरायला लागली होती, टाक्या धुतल्या जात होत्या, पण पाणी अजून इथवर आलं नव्हतं. मी हाक मारली तर त्यांनी मागं न बघता हातानंच थांबायची खूण केली. मी थांबलो. माझी गाडी चुकणार हे मला दिसत होतं.

गटाराच्या वळणावरून तांबूस पाण्याची एक बारीक धार, वर फेस घेऊन, दगडांना चुकवत पुढं आली. बाईंनी वाकून बाटली तिच्या तोंडाशी धरली, ती भरेपर्यंत हलल्या नाहीत, आणि मग ती उन्हात वर धरून, माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "आलं."